विद्यार्थ्याचे दुःख कळते, म्हणूनच त्याला खरे सांगता येत नाही: मार्गदर्शकाने काय करावे?

अभ्यासिका_जुळे_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. मी जुळे सोलापुरातील एका अभ्यासिकेत गेली ९ वर्षे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना मार्गदर्शन करते. वर्गात शिकवणे हे माझे काम नाही. प्रत्येक उमेदवाराबरोबर पंधरा दिवसांतून एकदा स्वतंत्र बसायचे आणि त्याचे अभ्यासाचे नियोजन, सराव परीक्षेतील चुका व मनाची अवस्था यांविषयी बोलायचे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांतून आलेली मुले-मुली येथे खोली घेऊन राहतात, डबा लावतात आणि सकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत एकाच खुर्चीवर बसून असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांशी मनातले बोलणारे माणूस म्हणजे मीच, ही जाणीव मला सतत असते.

ज्या उमेदवारामुळे हा प्रश्न लिहीत आहे, त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याचे वय २९, प्रयत्न पाचवा. वडिलांकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि तुरीचे पैसे आले की त्यातून त्याच्या खोलीचे भाडे भरले जाते. गेल्या आठ महिन्यांत त्याने वेळ लावून एकही सराव परीक्षा पूर्ण दिलेली नाही. कारण विचारले की त्याचे डोळे भरून येतात. "मॅडम, जमंना ओ. पण घरी कुठल्या तोंडानं जाऊ?" असे तो म्हणाला, तेव्हा माझ्या पोटात कालवाकालव झाली, कारण मी स्वतः तीन वेळा नापास होऊन हेच वाक्य मनातल्या मनात घोकले होते. मी त्याला त्या महिन्याच्या सराव परीक्षेतून सूट दिली. पुढच्या महिन्यातही दिली. "या वेळी नक्की होईल" असेही म्हणाले, आणि ते म्हणताना मला ते खरे वाटत नव्हते. अशा भेटींनंतर मी घरी येते तेव्हा कोणाशी बोलण्याचेही त्राण उरलेले नसते.

माझ्या एका सहकाऱ्यांची पद्धत अगदी उलट आहे. ते गुणांचा तक्ता समोर ठेवतात, कोठे कमी पडले ते सांगतात आणि पाच मिनिटांत उठतात. मुले त्यांना घाबरतात, परंतु त्यांच्याकडची मुले सराव परीक्षा बुडवत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे.

समानुभूती, म्हणजे समोरच्याला काय वाटते ते आपणही जाणणे, ही मार्गदर्शकाची पहिली पात्रता आहे, असे मला शिकवले गेले आणि मी ते मनापासून मानले. मग तीच माझ्या कामाच्या आड का येत आहे? करुणा ही तिच्याहून वेगळी गोष्ट असेल, तर प्रत्यक्ष समोरासमोर बसल्यावर ती कशी ओळखावी? ज्यांनी कोणाला तरी हाताला धरून काही शिकवले आहे, त्यांचे अनुभव वाचायला मला फार आवडतील.

पहाटेचे_मैदान

ताई, मी पोलीस भरतीची मैदानी तयारी करून घेतो, त्यामुळे आपला प्रश्न मला जवळचा वाटला. आमच्याकडे मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी ५० गुणांची परीक्षा असते आणि त्यांपैकी २० गुण एकट्या ८०० मीटरला असतात. घड्याळात जी वेळ दिसते ती मुलीलाही दिसते, म्हणून आपल्यासारखी सूट देण्याची संधी मला मिळत नाही. माझी चूक वेगळ्या ठिकाणी झाली.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. पहिली फेरी ती झकास पळायची आणि दुसऱ्या फेरीत शेवटच्या २०० मीटरला तिचे पाय ओढू लागायचे. मी तरुणपणी स्पर्धेत पळायचो तेव्हा शेवटच्या वळणावर मागून येणाऱ्यांची मला धास्ती वाटायची, आणि तिला पाहताना मला ती धास्ती जशीच्या तशी आठवायची. त्यामुळे तीन आठवडे मी तिला धीर दिला, भीती कशी घालवावी ते सांगितले, माझ्या आठवणी सांगितल्या. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच मागे पडायची.

अखेर एके दिवशी मी बोलायचे थांबवून विचारले, की काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत तू काय काय केलेस ते मला क्रमाने सांग. तिची आई घरी विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून हजाराचा आकडा भरेपर्यंत कोणी उठत नाही, आणि ओली पाने कात्रीने बेतून देण्याचे काम या मुलीकडे होते. रात्री एकपर्यंत ती पाने कापायची आणि साडेपाचला उपाशीपोटी मैदानावर यायची. तिला भीती वाटतच नव्हती. तिच्या अंगात जोर नव्हता. मी इतके दिवस माझेच दुःख तिच्या चेहऱ्यावर वाचत होतो आणि त्यालाच समजून घेणे म्हणत होतो.

त्यानंतर मी तिचा ८०० मीटरचा सराव संध्याकाळी घेतला, पळण्याआधी दोन तास भाकरी खाऊन यायला सांगितले आणि ज्या रात्री काम जास्त असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त चालण्याचा व्यायाम ठेवला. तिच्या आईला भेटलो, पण काम सोडा असे म्हटले नाही, कारण ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता. वेळेचे उद्दिष्ट मात्र एका सेकंदानेही सैल केले नाही आणि प्रत्येक दिवशी आलेली वेळ तिला आहे तशी सांगितली. पहिल्या भरतीत ती थोडक्या गुणांनी राहिली. दुसरीची तयारी अजून चालू आहे.

आपल्या उमेदवाराने सराव परीक्षा का सोडली, याचे उत्तर आपल्याला त्याच्याकडून मिळाले आहे की आपल्या आठवणींतून, हे एकदा तपासून पाहा, असे मला सुचवावेसे वाटते.

मानसशास्त्र_अध्यापक

मैदानावरच्या सरांनी जे सांगितले, त्यावर १९९७ मध्ये अमेरिकेत डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. संकटात सापडलेल्या एका तरुणीची ध्वनिमुद्रित मुलाखत विद्यार्थ्यांना ऐकवण्यात आली. काहींना सांगितले होते, की त्या मुलीला काय वाटत असेल याची कल्पना करा. काहींना सांगितले, की तुम्ही तिच्या जागी असता तर तुम्हाला काय वाटले असते याची कल्पना करा. दोन्ही सूचना ऐकायला सारख्याच वाटतात. तरीही पहिल्या गटात प्रामुख्याने तिच्याविषयी आस्था निर्माण झाली, तर दुसऱ्या गटात त्या आस्थेबरोबर स्वतःची घालमेलही वाढली. ताईंनी आपल्या थकव्याचे जे वर्णन केले आहे, ते मला या दुसऱ्या प्रकारातले वाटते. ज्या मार्गदर्शकाने तीच वाट तुडवलेली असते, त्याला हा धोका अधिक असतो, कारण त्याच्याकडे स्वतःच्या आठवणी तयार असतात.

समानुभूतीसाठी वापरला जाणारा 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द फारसा जुना नाही. 'आत शिरून अनुभवणे' अशा अर्थाच्या जर्मन शब्दावरून एडवर्ड टिचनर यांनी तो १९०९ मध्ये घडवला. समुपदेशनात त्याला आजचे महत्त्व मिळाले ते मुख्यतः कार्ल रॉजर्स यांच्यामुळे. त्यांनी १९५७ मध्ये माणसात बदल घडण्यासाठी आवश्यक अटी मांडल्या, त्यांत समानुभूती होती, परंतु तिच्या व्याख्येतच एक कुंपण घातलेले होते: समोरच्याचे जग जणू काही आपलेच आहे असे जाणावे, मात्र ते 'जणू काही' कधीही निसटू देऊ नये. आपल्याकडील प्रशिक्षणांत पहिला भाग आवर्जून सांगितला जातो आणि दुसरा बहुधा राहून जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण चांगली माणसे त्यामुळेच होरपळतात.

आता करुणेविषयी. जर्मनीत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी केलेल्या अभ्यासात काही व्यक्तींना इतरांच्या यातनांच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. आधी त्यांना समोरच्याचे दुःख वाटून घेण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा त्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या. नंतर त्याच व्यक्तींना करुणेचे, म्हणजे समोरच्याचे भले व्हावे ही इच्छा जाणीवपूर्वक जोपासण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा नकारात्मक भावना पुन्हा खाली आल्या, सकारात्मक भावना वाढल्या आणि मेंदूतही वेगळ्या भागांचे जाळे कार्यरत झालेले आढळले. ही प्रशिक्षणे अल्प मुदतीची होती आणि समोर जिवंत माणूस नसून चित्रफीत होती, म्हणून त्यातून नऊ वर्षांच्या कामाविषयी थेट निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. तरीही एक गोष्ट त्यातून ठळक होते, की दुःख जाणवणे आणि हित चिंतणे या दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि पहिलीनंतर दुसरी आपोआप घडेलच असे नाही.

बौद्ध परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. तेथे करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य मानला आहे आणि जवळचा शत्रू शोक. जवळचा अशासाठी, की तो करुणेसारखाच दिसतो आणि त्यामुळे घरात शिरला तरी कोणी अडवत नाही. मराठीतही 'कीव' आणि 'कळवळा' हे शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. कीव वरून खाली पाहते. कळवळा आपल्या संतांनी आईच्या संदर्भात वापरला आणि तेथे तो लेकराच्या हिताशी बांधून ठेवला.

ताई, आपण त्या मुलाला परीक्षेतून सूट दिली त्या क्षणी कोणाचा ताण उतरला, हा प्रश्न मी आपल्याला आदरपूर्वक विचारतो. त्याची परीक्षेची तारीख तेथेच होती, वडिलांची तूर तेथेच होती. त्या दोघांसाठी काहीच बदलले नव्हते. त्याचे रडणे थांबले आणि आपली घालमेल थांबली. समोर बसल्यावर करुणा कशी ओळखावी, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे, की आता मी जे करणार आहे त्याने तीन महिन्यांनी याचे काही भले होईल काय, हे स्वतःला विचारावे. उत्तर येत नसेल तर आपण बहुधा स्वतःलाच शांत करत असतो.

आपल्या सहकाऱ्यांना मात्र मी निष्ठुर म्हणणार नाही. ते आकडा सांगतात, ही त्यांची बाजू भक्कम आहे. आकडा ऐकल्यानंतरच्या दहा मिनिटांत मूल एकटे पडते, तेथे ते नसतात.

माजी_उमेदवार_मोहोळ

मी हा उमेदवार होतो, म्हणून लिहितो. मी ६ वर्षे तयारी केली. माझे मार्गदर्शक अतिशय प्रेमळ होते. माझ्या घरची परिस्थिती त्यांना ठाऊक होती, माझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते रुग्णालयात येऊन बसले होते, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. परंतु माझ्या उत्तरांत नेमके काय चुकते ते त्यांनी मला कधीही सांगितले नाही. मी विचारले की ते म्हणायचे, "तू प्रामाणिक आहेस, तुझे होणार." ज्या दिवशी मी तयारी सोडत असल्याचे त्यांना सांगितले, त्या दिवशी ते म्हणाले, की मला दोन वर्षांपूर्वीच तसे वाटले होते. अपयशापेक्षा त्या वाक्याचा घाव मला अधिक लागला. ती दोन वर्षे माझी होती आणि त्या वर्षांविषयीचा निर्णय मला न सांगता घेतला गेला होता.

आज मी एका पतसंस्थेत काम करतो आणि समाधानी आहे. ताई, त्याला 'सोडून दे' असे सांगा, असे मी म्हणत नाही. आपल्याला जे दिसते आहे ते त्याला दाखवा. पुढे काय करायचे ते त्याला ठरवू द्या, आणि तो ठरवत असेल तेव्हा दार बंद करू नका.

यंत्रमाग_मास्तर

मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात नवीन मुलांना मागावर तयार करतो. या चर्चेत सारा भार मार्गदर्शकाच्या मनावर टाकला जात आहे, आणि तेवढ्यापुरता माझा मतभेद आहे.

मागाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्याकडे शिकवणे हाताने आणि डोळ्यांनी चालते. ताण्याची तार (कापडाचा उभा धागा) तुटली की माग थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, गाठ मारून ते मागाच्या वहीतून (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून पुन्हा ओवून घ्यायचे. नव्या मुलाचे हात अशा वेळी थरथरतात. आमचे जुने मास्तर त्याला ढकलून स्वतः तार जोडायचे. मी मायेने त्याला बाजूला करून स्वतः जोडायचो. मला वाटायचे, की माझी रीत त्यांच्याहून चांगली आहे. सहा महिन्यांनी पाहिले, तर त्यांच्या आणि माझ्या हाताखालच्या मुलांपैकी कोणालाच तार जोडता येत नव्हती. आता मी दोन्ही हात पाठीमागे धरून त्याच्या शेजारी उभा राहतो. त्याला वेळ लागतो आणि मला ते बघवत नाही, तरी उभा राहतो.

पण हे मला केव्हा जमते? माझ्याकडे चार मुले असतील तेव्हा. बारा मुले दिली आणि माल उद्या जायचा असेल, तर मीसुद्धा तार स्वतःच जोडतो, कारण शेजारी उभे राहायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणीतरी मला द्यावा लागतो. म्हणून ताई, आपल्याकडे किती उमेदवार आहेत, हे आपण लिहिलेले नाही. ते आधी सांगा.

मानसशास्त्र_अध्यापक

मास्तरांचा मुद्दा मी लिहायला हवा होता आणि तो माझ्याकडून राहिला, हे मान्य करतो. दुसरे असे, की अप्रिय गोष्ट सांगण्यापूर्वी समोरच्याची परवानगी घेण्याची एक पद्धत आहे. मद्याच्या अधीन झालेल्या लोकांबरोबर काम करताना विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये जी संवादपद्धती मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासह विकसित केली, तिच्यात हे आहे. आधी विचारावे, "मला जे दिसते ते सांगू का?" मग सांगावे, थोडक्यात आणि पुराव्यासह. नंतर विचारावे, "तुला यातून काय वाटते?" आणि मग खरोखर गप्प बसावे. माजी उमेदवारांना जे मिळाले नाही, ते या तीन पायऱ्यांत बरेचसे सामावले आहे. परवानगी नाकारली गेली, तर त्या दिवशी सांगू नये, पण पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे.

अभ्यासिका_जुळे_सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. मास्तर, माझ्याकडे ४६ उमेदवार आहेत आणि प्रत्येकाला २० मिनिटे मिळतात. हा आकडा मी आजवर कधी लिहून पाहिला नव्हता. अभ्यासिकेच्या संचालकांशी मी बोलले. माझ्या त्या सहकाऱ्यांनी गुणांच्या तक्त्याचे काम सर्वांसाठी आपल्याकडे घ्यावे आणि तक्ता दाखवताना मीही तेथे बसावे, असे सध्या ठरत आहे. सहकाऱ्यांनी ते आनंदाने मान्य केले. आकडा सांगितल्यावर मुलांशी काय बोलावे ते त्यांना सुचत नाही, म्हणून ते लगेच उठत असत, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

सोमवारी मी त्या उमेदवाराला भेटले. आधी मैदानावरच्या सरांप्रमाणे त्याला त्याचा दिवस क्रमाने सांगायला लावला. माझा समज होता, की त्याला नापास होण्याची भीती वाटते. ते काही अंशी खरे निघाले, पण त्याहून वेगळे असे समजले, की गेल्या दिवाळीपासून तो दुपारी चार तास एका दुकानात हिशेब लिहायला जातो आणि ते घरी व अभ्यासिकेत त्याने कोणालाच सांगितलेले नाही. मग मी त्याला विचारले, की मला जे दिसते ते सांगू का. तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि हो म्हणाला. मी जुने तीन पेपर काढले, गुण दाखवले आणि सांगितले, की आठ महिने सराव न देता या वेळी उत्तीर्ण होशील असे मला वाटत नाही, आणि 'नक्की होईल' असे मी म्हणाले ते खरे नव्हते. माझा आवाज कापत होता.

तो म्हणाला, "मला माहीत होतं मॅडम. तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मलाबी बोलता येईना."

तो रडला. मी या वेळी काही दिले नाही, सूटही नाही आणि आश्वासनही नाही, आणि उठलेही नाही. माझी २० मिनिटे संपून गेली होती, पुढची मुलगी बाहेर थांबली होती आणि तिने थोडे थांबायला आनंदाने होकार दिला. शेवटी त्यानेच सुचवले, की एक पेपर पूर्ण वेळ लावून देतो आणि त्यानंतर पुढचे ठरवतो. दुकानाविषयी वडिलांना केव्हा सांगायचे, ते त्याने स्वतःकडे ठेवले आहे आणि मी त्याविषयी विचारणार नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता तो पेपर आहे. मी शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे. उत्तरे तपासण्याचे काम त्याचेच आहे, मी लाल पेनही त्यालाच देऊन ठेवले आहे.